आईच्या आत्मकथनातला कोनाडा: ते पान ठेवावे का?

प्रश्न

माझ्या आईने उतारवयात लिहिलेल्या दोन वह्या मी पुस्तकासाठी लावून घेत आहे. वरून धरलेली पाण्याची धार ओंजळीत झेलणे, वर्गाच्या दाराबाहेर गोणपाटावर बसून पाढे म्हणणे, हे तिने न अडखळता लिहिले आहे. अडचण श्रद्धेपाशी येते. १९५६ साली धम्मदीक्षेनंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले, हे ती अभिमानाने सांगते. पण पुढच्याच पानावर, आजी कितीतरी दिवस त्या रिकाम्या कोनाड्यात सांजेला दिवा लावत असे, असेही लिहिते. दीक्षेवेळी घेतलेल्या, देवपूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञांशी हे विसंगत दिसेल, म्हणून ते पान गाळावे असे घरच्यांचे म्हणणे आहे. आपणास काय वाटते?

उत्तर

ताई, ते पान कृपा करून गाळू नका. बेबी कांबळे कट्टर आंबेडकरवादी होत्या, तरीही ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात त्यांनी आषाढातले देवकार्य, पोतराज आणि अंगात येणाऱ्या बाया यांविषयी सविस्तर लिहिले आहे. जिच्या शब्दाला वर्षभर घरात किंमत नसे, तिच्या अंगात देवी आली की तिला दुखावणाऱ्यांनाही तिच्या पायांवर डोके ठेवावे लागे. ही अंधश्रद्धाच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु दीक्षा घेताना बायांनी नेमके काय मागे टाकले, हे लपवले तर त्यांच्या निर्णयाचे मोलच वाचकाला कळणार नाही.

उत्तर

मी सहमत आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायाही होत्या. पुढे १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि नागपूरची दीक्षा त्यानंतर एकवीस वर्षांनी झाली. खुद्द नेत्याने समाजाला एवढा अवधी दिला असताना आपल्या आजीकडून एका दिवसाची अपेक्षा का धरावी? मात्र एक विनंती करतो. त्या पानाखाली आपले स्पष्टीकरण जोडू नका आणि आईची बोली प्रमाण मराठीत घासून घेऊ नका. आमच्या घरातल्या एका वहीचे असेच शुद्धलेखन करताना लिहिणारीचा आवाजच हरवला, त्याची खंत आजही आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल ते पान आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की, पुढे त्याच कोनाड्यात बाबासाहेबांची तसबीर आली, तेव्हा आजीने दिव्याची जागा बदलली नाही. वहीत हे नव्हते. आता तिच्याच बोलीत ते तिथे घालत आहे.