बडोदा सोडून पुण्याला यावं का?

दांडियाबाजारकर:
पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात कारकुनीसाठी बडोद्याला आले, मी चौथ्या पिढीतला. वय ६३. मुलगी कोथरूडला असते. म्हणते, "बाबा, आईचे गुडघे असे, तुम्ही दोघंच तिथे कशाला?" तिचं चुकत नाही. पण सकाळी सुरसागरला फेरी मारून परतताना शेव-उसळवाला विचारतो, "केम काका, आजे मोडा?" एक दिवस उशीर झाला तरी त्याच्या लक्षात येतं. पुण्यात भाषा आपली, पण असं विचारणारं कोण? शिवाय गाडी, मतदार यादी यांची कटकट. कोणी असं हललंय का?

माळव्याची_सून:
काका, आम्ही इंदूरहून आलो. घर घाईनं विकलं, त्याची रुखरुख अजून जात नाही. तुम्ही विकू नका. आधी भाड्यानं राहून बघा, आणि लेकीच्या घरात नको, जवळ घ्या.

गाडीवाला७२:
गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर पुन्हा नोंदणी लागते. त्यासाठी बडोद्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र निघतानाच घ्या. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलतो.

दांडियाबाजारकर:
हिला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ इथेच राहू दे, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या बेनना सांगते." घर ठेवतोय. दिवाळीनंतर चार महिने येऊ.