वेग वरखाली होणं म्हणजे बिघाड नव्हे

कॉम्प्युटरच्या खोक्यावर प्रोसेसरचा वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमध्ये चालू कामं आणि वेग दाखवणारी खिडकी) कधी ०.८, कधी ३.९, म्हणजे दुकानदाराने फसवलं का, असं एकाने विचारलंय. नाही हो. २.४ हा मूळ वेग. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा ठेका गुणिले एक आकडा, तो गुणक. काम नसलं की प्रोसेसर स्वतःच गुणक उतरवतो: १०० मेगाहर्ट्झ गुणिले ८, झाले ८००, म्हणजेच ०.८ गिगाहर्ट्झ. व्होल्टेजही उतरतं, वीज वाचते. मोठी एक्सेल फाइल उघडली की क्षणभर गुणक ३९, म्हणजे ३.९ गिगाहर्ट्झ; हा तात्पुरता वाढीव वेग म्हणजे टर्बो.

काळजी कधी? भर कामात वेग २.४ च्याही बराच खाली अडकला तर. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात माझा पीसी यंत्रमागाच्या शेडला लागून. जीएसटी रिटर्न भरताना गडी १.१ वरून हलेना! उघडून पाहिलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांवर टॉवेलच्या सुताचं तूस, अक्षरशः गोधडी. पंखा फिरत होता, वारा आत जात नव्हता; म्हणून तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवत होता. ब्रशने काढलं, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती बदलली. ९५ अंशांवरचं तापमान ७० वर आलं.

तुमचा लॅपटॉप असेल तर खोलायच्या आधी चार्जर लावून बघा. बॅटरीवर तो मुद्दामच हात आखडता घेतो.