पाइप फुटला, मागून बुरशी आली: क्लेम मिळतो का?

प्रश्न: सिंकमागचा पाइप फुटून ओट्याखालचं कपाट आणि पलीकडची भिंत भिजली. पाणी उपसलं, पण आता कपाटामागे काळी बुरशी धरलीये, प्लास्टर बोटानं दाबलं तरी भुगा होतोय. विमा कंपनी म्हणते, पाण्याचे पैसे देऊ, बुरशीचे नाही. असं वेगळं काढता येतं?

उत्तर १: नुकसानीचे सर्व्हे करणं हेच माझं काम. पॉलिसीत बुरशी बहुतेक वेळा वगळलेलीच असते, पण पुढचं वाक्य वाचा. अचानक फुटलेल्या पाइपमुळे बुरशी आली तर काही पॉलिसी ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई देतात. हळूहळू झिरपलेल्याचं मात्र सहसा कुणी देत नाही. म्हणून आम्ही आधी सांधा बघतो. गंजाचे थर, क्षारांची पांढरी कडा, कुजलेलं लाकूड दिसलं की गळती जुनी. ताजी चीर असेल तर गोष्ट वेगळी. फुटलेला तुकडा टाकून देऊ नका!

उत्तर २: वाळवायला कधी घेतलंत? ओल २४ ते ४८ तासांत गेली नाही तर बुरशी धरते, आणि नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी, असं कलम असतंच. पंपाचं, पंख्यांचं बिल जोडा.

प्रश्नकर्ता: पंखे त्याच रात्री लावले, बिलं आहेत. तुकडाही पिशवीत आहे.

उत्तर १: मग नकार लेखी मागा, कलम क्रमांकासकट. फोनवरचं 'नाही' मी तरी धरत नाही. नव्या पाइपचा खर्च बहुधा तुमच्याच खिशातून जाईल.