सोळा तास उपाशी: खरंच गुण येतो का?

औशाचा मास्तर: सकाळचा नाष्टा बंद केलाय. बाराला पहिली भाकर, रात्री आठच्या आत दुसरं जेवण, मधे पाणी नाहीतर कोरा चहा. पँट कमरेत ढिली झाली, दुपारच्या तासाला येणारी पेंग गेली. आपल्या लातूरच्या मेडिकल कॉलेजात असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित सर असंच काहीसं सांगायचे: कडकडून भूक लागल्यावर दोनदाच जेवा, 55 मिनिटांच्या आत. सगळ्यांनी करून बघावं.

परभणीकरीण: गुण घड्याळाचा नाही सर, बंद झालेल्या पुरीभाजीचा आणि गोड चहाचा. चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर हेच तपासलं, 2022 ला निकाल छापून आला. दोन्ही गटांना सारखंच मोजून कमी खायला दिलं, एकाला वरून आठ तासांचं बंधन. वजनात म्हणावा असा फरक पडला नाही.

गेवराईकर: मोजणार कोण ताई? आमच्या अण्णांना पिठलं तराजूत घालून देऊ का? घड्याळ त्यांना कळतं. ते पण करायलेत, शुगरवाले असून लई फ्रेश वाटतंय म्हणतात. अन् उपाशीपणी पेशी स्वतःचा कचरा साफ करतात, त्यावर 2016 चं नोबेल आहे.

परभणीकरीण: ते नोबेल मिळालेल्या ओसुमींचं काम यीस्टवरचं, पाव फुगवायला वापरतात त्या. अण्णा यीस्ट आहेत का?

नांदेडची सिस्टर: थट्टा राहू द्या. शुगरवाले अण्णा कोणती गोळी घेतात? आमच्या सासऱ्यांनी मोबाईलवर बघून सकाळचं खाणं सोडलं, ग्लिमेपिराइड मात्र सवयीनं सकाळीच घेतली. अकराच्या सुमारास ओट्यावर बसले होते. बनियन घामानं चिंब, हात थरथरायलेले, नातवाला भलत्याच नावानं हाका. बोटातून रक्त काढून बघितलं तर शुगर 52, फारच खाली गेलेली. शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी पाजता आलं. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. म्हणून ‘सगळ्यांनी’ हा शब्द मला खटकला.

औशाचा मास्तर: मी गोळ्या नसलेल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांबद्दल बोलतोय. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्याला बारापर्यंत थांब कोण म्हणेल? पण आमच्यासारख्यांना मोजमापापेक्षा हे सोपं पडतं, यावर मी ठाम आहे.

गेवराईकर: सिस्टर, पाकीट बघितलं. ग्लिमेपिराइडच आहे. सोमवारी डॉक्टरकडं नेतो. तोवर नाष्टा चालू करू का?

नांदेडची सिस्टर: आजच. अन् सोमवारची वाट कशाला, आत्ताच फोन लावा डॉक्टरला.