नंदादेवीची वाट कुणाची, आणि बंदी कुणावर?

माळरान_सोलापूर:
रविवारी कंबर तलावाच्या फेरीनंतर चहाला बसलो होतो. आमच्यातला एकजण म्हणाला, "उत्तराखंडातलं नंदादेवी उद्यान बंद ठेवलं ते उत्तम केलं. गिर्यारोहकांनीच ते शोधलं, त्यांनीच घाण केलं." घाण केली हे खरं. पण शोधलं त्यांनी, हे मला मान्य नाही.

१९३४ साली शिप्टन, टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक आणि अंग थारके, पासंग, कुसांग हे तीन शेर्पा ऋषिगंगा नदीच्या घळीतून नंदादेवी शिखराभोवतीच्या आतल्या खोऱ्यात पोचले. घळीचा तो वरचा टप्पा त्यांनीच पार केला, त्याचं श्रेय पूर्ण त्यांचं. पण धरांसीची खिंड ओलांडून डिब्रूघेट्याच्या कुरणापर्यंतची वाट? ती लाता गावच्या मेंढपाळांच्या पायांनी पडलेली. १९३६ ला टिलमन आणि त्याचा जोडीदार ओडेल शिखराच्या ७,८१६ मीटरच्या माथ्यावर उभे राहिले, १९३९ ला अभयारण्य झालं, १९७४ ला परदेशी मोहिमांना खोरं खुलं झालं आणि १९८२ ला राष्ट्रीय उद्यान. त्यानंतर दार बंद. कचरा मोहिमांनी केला आणि कुरणं गेली लाता, तोलमा, रैणीची. रैणी म्हणजे तेच गाव, जिथं मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी जंगलतोड करायला आलेल्यांना परत धाडलं. त्याच बायकांना आठ वर्षांनी वरचं रान बंद!

पाणवठा:
दादा, रैणीबद्दल वाचून मलाही वाईट वाटतं. पण रानाचं काय झालं होतं तेही बघा. दर मोसमाला मोहिमा, शेकडो हमाल, सरपणाला वरची खुरटी झाडं, जोडीला कस्तुरीमृगाची चोरटी शिकार. १९९३ ला लष्कराची मोहीम आत गेली, तिनं जुना कचरा खाली आणला. दहा वर्षांत रान सावरत असल्याचं तेव्हाच्या पाहणीत दिसलं. हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री तंबूंची जी गर्दी होते ती आपण बघतोच. एकाला वाट दिली की मागून शंभर येतात. मला बंदी हवी, कडक हवी.

नान्नजकर:
बंदी हवी म्हणणं सोपं असतं ओ. आमच्याकडं सोलापूरजवळ नान्नजला १९७९ ला माळढोक अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर! गावंच्या गावं त्यात. आमच्या वडलांचा जमिनीचा व्यवहार किती वर्षं कागदात अडकला, ते आम्ही घरात भोगलंय. पुढं ते १,२२२ वर आणलं, तोवर लोकांच्या मनातून पक्षी उतरला होता. माझा आजा माळढोक दिसला की मेंढरं वळवून घ्यायचा, अंडं तुडवलं जाऊ नये म्हणून. माळ राखणारं माणूसच तुम्ही परकं केलंत, मग राखणार कोण?

पाणवठा:
तुमच्या आज्याबद्दल आदर आहे. पण माळढोक गेला तो माळ नांगरला गेला, ऊस आला, विजेच्या तारा आल्या म्हणून. तिथं बंदी कागदावरच राहिली. नंदादेवीला ती खरोखर पाळली गेली. दोन्ही एका मापानं मोजू नका.

माळरान_सोलापूर:
हे बरोबर, तारा आणि ऊस मी विसरलो नाही. पण "एकाला दिली की शंभर" यात मेंढपाळ आणि आपल्यासारखा ट्रेकर तुम्ही एकाच रांगेत उभे करता, तिथं माझं भांडण आहे. १९९८ ला लाताचे लोक 'झपटो छीनो' (झडप घाला, हिसकावून घ्या) म्हणत उद्यानात शिरले ते शिखर चढायला नव्हे, हक्क मागायला. त्यानंतर २००३ पासून बाहेरच्या पट्ट्यात मर्यादित ट्रेक सुरू झाले. आपल्याला तेवढं पुष्कळ आहे. आतल्या खोऱ्यात मला कधी जायला मिळालं नाही तरी चालेल, लाताच्या मेंढ्यांना मात्र डिब्रूघेट्याला जाता आलं पाहिजे.

नान्नजकर:
मेंढ्या किती आणि किती दिवस, हे लाताच्या लोकांना बसवून ठरवा. आमच्याकडं ते कुणी विचारलंच नव्हतं.