मदत हवी आहे: यॉर्कमधल्या चिनी वाफेच्या इंजिनाबद्दल

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात केएफ-७ हे अवाढव्य इंजिन उभं आहे. चीनमधल्या कँटन-हँकाऊ रेल्वेसाठी लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीने १९३५ च्या सुमारास अशी २४ इंजिनं बांधली, ४-८-४ चाकांची (पुढे चार, मधे गाडी ओढणारी आठ, मागे चार). जन्म इंग्लंडचा, पण तिथल्या पूल-बोगद्यांच्या मापात न बसणारं! चीनमध्ये राबून निवृत्त झाल्यावर ते चीनने भेट म्हणून परत दिलं. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही याच कारखान्याची, म्हणून मला त्याचं विशेष अगत्य.

मी याचं मोजमापाबरहुकूम मॉडेल करतोय. यॉर्क-लीड्सकडे कुणी राहतं का? चाकांना जोडणारे दांडे, ड्रायव्हरची केबिन आणि टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) मागची बाजू यांचे जवळून फोटो हवे आहेत. समोरून काढलेले पुष्कळ मिळतात, पण मागचं कुणी टिपतच नाही. याच जातीचं दुसरं इंजिन बीजिंगच्या चीन रेल्वे संग्रहालयात आहे. ते पाहिलेलं कुणी असेल तर दोन्हींच्या रंगात आणि जोडभागांत काय फरक दिसला, तेही कळवा. आणि कारखान्याचे मूळ आराखडे पाहायला कुणाकडे अर्ज करायचा?