तुमच्या घरात जन्मलेला शब्द सांगा

शेवटी उरलेल्या कणकेची तळहाताएवढी पोळी होते ना, तिला आमच्याकडे 'शेपोळी' म्हणतात. लेक तीन वर्षांची असताना ओट्याशी उभी राहून म्हणाली, "मला शेपोळी!" शेवटची आणि पोळी तिनेच सांधली, शेपटीही त्यात आलीच. अर्थ घरात पक्का ठरलाय : सर्वांत धाकट्या माणसाच्या हक्काची, तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी. आता ती पुण्याला शिकते. मी अजून शेपोळी करते आणि तिला फोटो पाठवते.

असे शब्द कोशात जात नाहीत, माणसं पांगली की विरून जातात. म्हणून इथे लिहा. शब्द, अर्थ आणि तो कुणाच्या तोंडून आला तेही.

*

चपलागप्पा : "येतो हं" म्हणून झाल्यावर, पायात चपला घालून दारात होणाऱ्या गप्पा. घरातलं खरं काय ते मावशी तेव्हाच सांगते.

*

पिशवीमाता! जिच्या पोटात बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात ती. स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला.

*

बीड जिल्ह्यात सातवीला मराठी शिकवते. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, मधली पदं गळतात, असा समास फळ्यावर फोडून झाला की मुलांना सांगते, आता शब्दही तुमचा आणि अर्थही तुमचाच. एकदा 'डबावास' आला : मधल्या सुट्टीआधीच्या तासाला दप्तरातून येतो तो. वर्ग खूप हसला. मग एका मुलाची वही हातात आली. 'अर्धशाळा : दिवाळीला संपते ती.' आईवडील ऊसतोडीचे. टोळी निघाली की हाही जायचा. त्या तासाला मी पुढे काही शिकवू शकले नाही. संध्याकाळी त्याच्या आजीकडे गेले, पुन्हा दोनदा गेले. त्या वर्षी तो आजीपाशी राहिला आणि वार्षिक परीक्षेला बाकावर होता.

*

सरकारी कार्यालयात ३० वर्षं टिपण्या लिहिल्या. "हा काय बनवलेला शब्द!" म्हणणारे रोज भेटायचे. मी त्यांना त्यांच्याच अर्जावरचा 'दिनांक' दाखवायचो. तो सावरकरांनी घडवलेला, 'महापौर'ही त्यांचाच. त्याआधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश झाला, तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. बनवलेला नाही असा शब्द कुठला? वापरणारा दुसरा माणूस भेटला की झालं. माझ्या 'चहांतर'ला बायको भेटली. चहांतर : दोन चहांमधला काळ, 'मध्यंतर'च्या चालीवर. ती विचारते, "बँकेचं काम या चहांतरात उरकेल का?"

*

टोरांटोहून. मुलाने केलेला शब्द : 'खरडबर्फ'. पडतो तो वेगळा. हा रात्रीतून गाडीच्या काचेला चिकटतो आणि सकाळी शाळेला उशीर करतो. तो मराठीत शब्द जोडतोय हे कळलं, तेव्हा मी खरडणी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

*

आमचा 'उगाचफोन'. "काही नाही रे, सहजच केला" असं म्हणून सुरू होणारा. बहिणीने नाव पाडलं. आई आता स्वतःच सांगते, "उगाचफोन आहे, कामात असलास तर ठेव."

मी ठेवत नाही.